मुलींचं फुटबॉल

परभणीच्या त्या कॉलेजात संध्याकाळी पाच वाजता ग्राउंडवरून कुणी शहाणा माणूस जात नाही. एका अंगाला पोरांचं फुटबॉल, दुसऱ्या अंगाला पोरींचं बास्केटबॉल आणि मधोमध शिट्टी घेऊन धम्मशीला मॅडम. ऑफिसातला नवा क्लार्क मुंजाजी त्या दिवशी नेमका मधूनच आला आणि चेंडू सणसणत येऊन त्याच्या कानशिलावर बसला. हातातले कागद धुळीत, चष्मा नाकावर वाकडा.

“लागलं का हो?” धम्मशीला धावत आली.

“लागू द्या... लागायलाच पाहिजे होतं,” तो म्हणाला. “मॅडम, लय मोठी चूक झाली. स्पर्धेचा फॉर्म मी भरला. मुलींना फुटबॉल टाकलं... अन् मुलांना बास्केटबॉल. मुदत काल संपली. आता बदलून देत न्हाईत.”

येलदरीहून येऊन चार वर्षं धम्मशीला इथं कोच होती, तीही दरवर्षी नेमणुकीच्या नव्या ऑर्डरवर. यंदा प्राचार्यांनी तोंडावर सांगितलं होतं – एक तरी संघ उपांत्य फेरीत न्या, नाहीतर पुढची ऑर्डर निघायची नाही. आणि तिच्या पोरींनी तर जन्मात फुटबॉलला पाय लावला नव्हता!

ती भडकणारच होती. पण त्याच्या पडलेल्या चेहऱ्याकडे बघून तिला भलतंच नवल वाटलं. ऑफिसात काही बिघडलं की कॉम्प्युटरवर खापर फोडायची रीतच होती. हा बाबा गप्प बसला असता तर कुणाच्या बापाला कळलं असतं? मग हा का आला सांगायला?

“स्पर्धा कधी हाय?”

“बारा दिवसांनी. मानवतला.”

“मग उद्या पाचला या. पोरींना गोल मारायला शिकवायचं तर समोर कुणीतरी उभं पाहिजे.”

आणि आला की हो! इस्त्रीचा शर्ट घालून आला. पोरींनी चेंडू मारमारून त्याला पार बेजार केलं. दुसऱ्या दिवसापासून तर तो सगळ्यांच्या आधी येऊन चुन्याच्या फक्कीनं ग्राउंडवर रेघा ओढायला लागला. भुवईला पांढरं लागलेलं त्याचं त्यालाच ठाऊक नाही. धम्मशीलानं रुमाल पुढं केला, तर गड्यानं दुसरीच भुवई पुसली. तिला हसू आवरेना.

पोरींना तिनं एकच सांगितलं – हातानं जसे जवळजवळ पास देता, तसेच पायानं द्या. बास्केटखाली उडी मारून चेंडू झेलणारी उंच साक्षी, तिला गोलकीपर केलं. पोरांचं मात्र अवघड होतं. चेंडू खाली पडला की पाय आधी सुटायचा.

“तुमी रोज का येता हो?” एकदा तिनं विचारलंच.

“चूक माझी हाय ना.”

“म्हणून बारा दिवस शिक्षा भोगायलात?”

“शिक्षा कुठं, मॅडम...” एवढंच बोलून तो फक्कीचं घमेलं उचलून पळाला. ते अर्धं वाक्य धम्मशीलाच्या डोक्यातून जाईना. तो यायच्या वेळेला तिची नजर आपोआप ऑफिसच्या दाराकडे जायला लागली, आणि ते तिला कळतही होतं.

मानवतला पोरांचा निकाल पहिल्याच सामन्यात लागला. बालाजीनं ऐन वेळी चेंडूला अशी लाथ घातली की तो बास्केटच्या वरून थेट रस्त्यावर! आता सगळी भिस्त पोरींवर. त्यांनी पहिला सामना कसाबसा काढला. दुसरा जिंकला की उपांत्य फेरी, हरला की धम्मशीलाचं कॉलेज सुटलं. वेळ संपली तरी गोल कुणाचाच नाही. पेनल्टी! धम्मशीलाच्या पोरींचे चार झाले, समोरच्यांचे तीन. समोरच्यांचा शेवटचा चेंडू कोपऱ्यात निघाला... आणि साक्षीनं उडी मारून तो दोन्ही हातांत धरला. धम्मशीला सगळ्यांसमोर रडली.

मुंजाजी पाण्याची बाटली घेऊन आला. “निघंल आता तुमची ऑर्डर.”

“निघंल. पण आधी मला सांगा, तुमी गप्प का न्हाई बसलात?”

त्यानं चष्मा काढला, पुसला, परत लावला. “ऑफिसच्या खिडकीतून ग्राउंड दिसतं. सहा महिने झाले, तुमालाच बघायलोय. फॉर्म भरतानाबी बघत होतो... म्हणून तर घोटाळा झाला. मग तुमच्याशीच खोटं कसं बोलू?”

दिवसभर ग्राउंड दणाणून सोडणाऱ्या बाईनं गळ्यातली शिट्टी काढून मुठीत धरली.

“मलाबी तुमी आवडता,” ती म्हणाली. “पण एक ध्यानात ठेवा. कॉलेजात माझं वर्षावर्षावर चाललंय. तुमच्यासंगं तसलं जमायचं न्हाई. इथं मला परमनंटच पाहिजे.”

“मग अर्ज... कुणाकडं द्यायचा?”

“येलदरीला. माझ्या वडलांकडं. रविवारी ते घरीच असतात.”