चेअरमनबाईंचं विलगीकरण

नोटीस क्रमांक एकशे बारा शेळीने खाल्ली. शिक्क्यासकट.

नगरपालिकेच्या तणनिरीक्षक बाईंनी – गाव त्यांना तणबाई म्हणायचं – ती नुकतीच एका बंगल्याच्या फाटकावर चिकटवली होती. टोपीतून सुटलेले केस सारखे करायला तिने जरा मान वळवली... आणि मागून चर्र असा आवाज आला. गळ्यात पितळी घंटा बांधलेली एक पांढरी शेळी ‘सात दिवसांच्या आत’ एवढा मजकूर शांतपणे चघळत होती. तिच्यामागे आणखी एकशे एकोणचाळीस शेळ्या. आणि त्यांच्यामागे, धुळीत, हसू दाबत – एक तरुण.

“चेअरमनबाई, थुंका!” तो ओरडला.

“कोण चेअरमनबाई?”

“ही. ही कुणाचं ऐकत नाही आणि बाकीच्या हिच्याशिवाय पाऊल उचलत नाहीत. मग दुसरं काय म्हणणार?”

“तिने सरकारी कागद खाल्लाय.”

“अहो, तुमचा कागद इतक्या आवडीने कुणी घेतला होता का कधी?”

तणबाईला हसू आलं. ते खात्याच्या शिस्तीत बसत नव्हतं. खातं म्हणजे तरी काय – जिन्याखालची खोली, ती स्वतः, एक जीप आणि जीपचे ड्रायव्हरकाका. शत्रू मात्र मोठा होता. डोंगराच्या उतारावर ‘पिवळी चेटकीण’ नावाचं तण माजलं होतं. उन्हाळ्यात ते वाळलं की एका ठिणगीत अख्खा उतार पेटणार, आणि पायथ्याशी तीनशे घरं. त्यातलं एक तिच्या आईचं. यंत्राने कापावं तर पातं दगडावर घासून तीच ठिणगी. म्हणून शेळ्या मागवल्या होत्या. गरम वारे सुटायच्या आत त्यांनी डोंगर आणि घरं यांच्यामधला पट्टा चरून साफ करायचा. या मोकळ्या पट्ट्याला जाळरेषा म्हणतात.

“पण तुम्ही उद्या येणार होतात ना?”

“शेळ्यांना राहवेना.”

“मग राहवून घ्या. उतारावर जाण्याआधी पाच दिवस विलगीकरण.”

“शेळ्यांना?”

“पोटात कुठल्या गावचं बी असेल कोण जाणे. पाच दिवस स्वच्छ चारा आणि रोज लेंड्यांची तपासणी. बी पोटात गेलेलं आढळलं, की पुन्हा पहिल्यापासून पाच दिवस.”

“आणि लेंड्या तपासणार कोण?”

“मी.” तिने खिशातून भिंग काढलं.

तो बघतच राहिला.

“काय झालं?”

“काही नाही... भिंग छान आहे.”

एवढ्या शेळ्या मावतील अशी कुंपणाची जागा नगरपालिकेकडे एकच होती – जलतरण तलाव. पाणीटंचाईमुळे तो दोन वर्षं कोरडा होता. शेळ्या उथळ बाजूने शिस्तीत उतरल्या. चेअरमनबाई उड्या मारायच्या फळीवर चढल्या आणि तिथूनच कारभार पाहू लागल्या.

लोक प्रेमात पडायला बागेत जातात. हे दोघे रिकाम्या तलावाच्या तळाशी, ‘खोली बारा फूट’ लिहिलेल्या भिंतीला टेकून, शेजारी शेजारी लेंड्या फोडत बसले.

“साहेब लोक उंटावरून शेळ्या हाकतात असं ऐकलं होतं,” तो म्हणाला. “खाली उतरलेलं कुणी आज पहिल्यांदा पाहिलं.”

“बोलू नका. हलतं भिंग.”

“हे बी आहे?”

“वाळू.”

“आणि हे?”

“तुमच्या शर्टाचं बटण.”

“तरीच! परवापासून शोधतोय.”

तेवढ्यात तिच्या आईचा फोन. हातात भिंग, म्हणून फोन स्पीकरवर. “अगं, स्थळ आलंय. मुलगी काय करते विचारतायत.”

“लेंड्या बघते, सांग.”

“तेच सांगितलं. त्यांनी फोन ठेवला.”

“बरं झालं,” तो पटकन बोलून गेला. मग कानापर्यंत लाल झाला. “म्हणजे... वाईट झालं. फारच वाईट झालं...” आणि थोडं थांबून, लेंडीकडे बघत, “बरं झालं.”

सहाव्या दिवशी शेळ्या उतारावर गेल्या. तणाने बी धरायच्या आत त्यांनी पट्ट्यामागून पट्टा फस्त केला. संध्याकाळी खाली येताना प्रत्येकाने कपडे ब्रशने झाडायचे, हाही नियमच. स्वतःच्या पाठीवर स्वतःचा हात पोचत नाही, ही निसर्गाची कृपा. तणबाई त्याची पाठ झाडायची. मग खांदे. मग कॉलर... कॉलरवर काही नसायचं. तरी दोनदा झाडायची.

“सापडलं काही?” तो मान न वळवता विचारायचा.

“शोध चालू आहे.”

पट्टा पुरा झाला आणि तिसऱ्याच दिवशी गरम वारा सुटला. माथ्यावर विजेच्या तारा एकमेकींना भिडल्या, आणि उतार भडभडा पेटत खाली येऊ लागला. अख्खी वस्ती गच्च्यांवर. तिची आई बादली घेऊन दारात. तणबाई आणि तो पट्ट्याच्या अलीकडे शेजारी शेजारी उभे. जाळ पट्ट्यापाशी आला, डावीकडे गेला, उजवीकडे गेला... आणि खायला काहीच न उरल्याने मुकाट खाली बसला. उरलेलं अग्निशमन दलाने विझवलं. गच्च्यांवरून टाळ्या पडल्या. चेअरमनबाईंना वाटलं, आपल्यासाठीच. बरोबरच होतं.

अहवाल लिहायला पेन हवं झालं, तेव्हा तणबाईच्या लक्षात आलं की आपला उजवा हात मघापासून त्याच्या हातात आहे. तिने डाव्या हाताने पेन शोधलं.

पण काम संपलं होतं. पुढच्या गावचा ट्रक शनिवारी दहाला येणार होता. गाव सोडतानाही तपासणीचा तोच नियम. आदल्या दिवशी तिने शेवटची तपासणी केली आणि प्रमाणपत्रावर सही केली – ‘बी आढळले नाही.’

“नीट पाहिलंत?” त्याने विचारलं. “एखादं... कुठेतरी... राहिलं नसेल?”

“मी तपासलंय.”

“तुम्ही कधीच चुकत नाही?”

“नाही,” ती म्हणाली, आणि तिला स्वतःचा भयंकर राग आला.

शनिवारी सकाळी सातला तिने कार्यालयातली नमुन्यांची बरणी उघडली. ‘पिवळी चेटकीण, बी धरलेली बोंडं, नग तीन.’ आत होती दोन. एरवी तिने चौकशी लावली असती. आज तिने त्यातलं एक उचललं, तलावावर जाऊन सरकारी बुटांनिशी फळीवर चढली आणि बोंड चेअरमनबाईंसमोर धरलं. बाईंनी ते विनातक्रार खाल्लं. आठ वर्षांच्या नोकरीत पहिल्यांदाच कुंपणाने शेत खाल्लं होतं, आणि कुंपणाचं काळीज धडधडत होतं.

दहाला ट्रक आला. तो चेहरा पाडून समोर उभा राहिला. दोघं एकदमच म्हणाले, “एक सांगायचंय...”

“आधी तुम्ही,” ती म्हणाली.

“चेअरमनबाईंनी सहाला बोंड खाल्लं. मीच दिलं. काकांनी कार्यालय उघडून दिलं. त्यांचा दोष नाही, मी फार रडवेला दिसत होतो.”

जीपमधले काका अचानक आरसा पुसू लागले.

“सहाला?” तणबाई पुटपुटली. “मी... सातला दिलं.”

तो बघतच राहिला. भिंग आज खिशात होतं.

“मग दहा दिवस?” त्याने आशेने विचारलं.

“नियमात बेरीज नाही. पाचच.” तिने फॉर्म काढला. “पण पुढचं गाव खोळंबेल त्याचं काय?”

“त्यांना पाच दिवस उशीर होईल, हे मी कालच कळवलंय.”

“काल? म्हणजे पूर्वनियोजित गुन्हा.”

“हो मॅडम.”

फॉर्ममध्ये एक रकाना होता: ‘बी पोटात जाण्याचे कारण.’ ती थांबली. मग त्याच्याकडे पाठ करून बराच वेळ लिहीत राहिली... फाटकावरच्या नोटिशीत असतात तशा ठळक अक्षरात. लिहून झाल्यावर कागद त्याच्यापुढे धरला. त्याने हात पुढे केला, आणि मधूनच एक पांढरी मान आली.

चर्र.

“काय लिहिलं होतं?” तो कळवळून म्हणाला.

चेअरमनबाई सावकाश चघळत होत्या. एकशे एकोणचाळीस शेळ्या आणि काका श्वास रोखून बघत होते.

“सांगते,” तणबाई म्हणाली. “जवळ ये. आणि या वेळी तू चेअरमनबाईंना मध्येच ‘थुंका’ म्हणू नकोस.”