बिनआरशाचा ट्रक

केसरबाई खुर्चीत बसायच्या आधीच बोलू लागल्या.

"माझं शिवणयंत्र चोरीला गेलं, ते एक. पण त्यापायी पोलिसांनी अंबाजीला धरलंय आणि तो चोर नाही. हे मी कालपासून सांगतेय, कोणी ऐकून घेत नाही."

"वहिनी, जरा दमानं," त्यांच्या मागून आलेले दीर किशनराव म्हणाले.

उत्तमरावांनी चहाचा कप बाजूला सारला. पुन्हा सामानाची चोरी. राज्याची फेररचना झाली, मराठवाडा मुंबई राज्यात गेला आणि तेव्हापासून निम्मं हैदराबाद गाठोडी बांधत होतं. पोलीस खात्याचीही वाटणी झाली. उत्तमराव मुंबईच्या वाट्याला आले, तेव्हा त्यांनी राजीनामा दिला आणि नामपल्ली स्टेशनासमोरच्या या माडीवर खाजगी तपासाचं काम सुरू केलं. खून, दरोडे येतील अशी त्यांची अपेक्षा होती. येत होत्या त्या चुकलेल्या वळकट्या. त्यामुळं ते बहुतेक वेळ वैतागलेलेच असत.

त्यांचे मित्र नामदेवराव कोपऱ्यात बसले होते. ते शाळेत चित्रकला शिकवत. सुट्टी लागली की ते उत्तमरावांच्या मागं मागं फिरत आणि सगळं त्यांना जरा उशिरा कळे.

"पहिल्यापासून सांगा," उत्तमराव म्हणाले.

केसरबाई तीन वर्षांपूर्वी विधवा झाल्या होत्या. नल्लकुंट्यात त्या मुलींना शिवण शिकवत. औरंगाबादच्या एका महिला केंद्रात त्यांना शिक्षिकेची जागा मिळाली, म्हणून त्यांनी सगळा संसार मालवाहतूक करणाऱ्या प्रतापरावांच्या ट्रकवर चढवला. त्या स्वतः मागाहून आगगाडीनं जाणार होत्या. अंबाजी या हमालानं सामान रचलं, तो कुकटपल्लीपर्यंत सामानावर बसून गेला आणि तिथं बहिणीच्या घरी उतरला. गावाच्या पुढं रस्त्याचं काम चाललं होतं. ट्रक गोगलगायीसारखा चालू लागला, तेवढ्यात तोंडाला टॉवेल गुंडाळलेला एक माणूस मागच्या फळीवर चढला. त्यानं दोर कापला, यंत्र घेतलं आणि तो ज्वारीच्या शेतात पसार झाला. ड्रायव्हर सूर्यभानानं ते पाहिलं, पण तो उतरून पोहोचेपर्यंत उशीर झाला होता.

"चाकू डाव्या हातात होता, असं तो सांगतो," केसरबाई म्हणाल्या. "उजव्या मनगटावर काहीतरी चकाकत होतं म्हणे. अंबाजी डावखुरा आहे. उजव्या हातात त्याच्या पितळेचं कडं आहे. झालं, पोलिसांचं काम संपलं."

"मग तुम्हाला तो चोर का वाटत नाही?"

"त्याची बायको माझ्याकडं शिवण शिकली. तिला जुनं यंत्र मीच मिळवून दिलं. दुसरं नेऊन तो काय करणार?"

"गरिबी माणसाला काहीही करायला लावते, वहिनी," किशनराव हळहळत म्हणाले. "शिवाय ते हिरव्या लुगड्यातलं बोचकं त्याच्याच हातानं वर चढलं. कुठं ठेवलंय ते आणखी कोणाला ठाऊक? मी तर काल निरोपालाही आलो नाही. सकाळपासून ऑफिसात होतो." त्यांनी डाव्या मनगटावरच्या घड्याळात पाहिलं. "आताही तिकडंच जायचंय, खाली सायकल उभी आहे. माझं ऐका, आता ते औरंगाबादचं राहू द्या."

केसरबाईंनी त्यांच्याकडं पाहिलंही नाही.

प्रतापरावांचं आवार स्टेशनाच्या मागं होतं. ट्रक तिथं परत आणून सामानासकट उभा केला होता.

"पंचनामा पुरा होईपर्यंत हात लावायचा नाही म्हणतात," प्रतापराव कातावून म्हणाले. "भांडी आणि थोडं अंथरूण तेवढं बाईंना नेऊ दिलं. माझी गिऱ्हाइकं दारात उभी आहेत. मी काय करू, सांगा."

उत्तमराव ट्रकच्या उजव्या बाजूला गेले. ड्रायव्हरच्या दाराशी एक लोखंडी दांडी बाहेर आली होती. तिच्या टोकाला नुसती रिकामी चौकट. दांडीला तारेचा एक तुकडा वेढून राहिला होता, नवाकोरा.

"आरसा कुठं आहे?"

"फुटला मागंच."

"नवा का नाही बसवला?"

"लागतो कशाला? ट्रक पुढं जातो, मागं नाही जात."

उत्तमरावांनी क्षणभर डोळे मिटून घेतले. मग त्यांनी ड्रायव्हरला बोलावलं.

सूर्यभान नांदेडकडचा, तिशीचा, अंगानं शिडशिडीत माणूस होता. त्यानं जय भीम केला आणि तो अवघडून उभा राहिला.

"चोराला कसं पाहिलंस?"

"खिडकीतून मुंडी बाहेर काढून, साब."

"काय दिसलं?"

"फळीवर चढून उभा होता. माझ्याकडं तोंड करून. टॉवेलमुळं चेहरा नाही दिसला. डाव्या हातानं दोर कापला. उजव्या मनगटावर चमकत होतं. कसम खाऊन सांगतो."

"अंबाजीशी तुझं भांडण?"

"नक्को साब, भांडण कशाचं. तो असेल असं मी म्हटलंच नाही. दिसलं ते सांगितलं."

उत्तमरावांनी नामदेवरावांना ड्रायव्हरच्या जागेवर बसवलं आणि खिडकीतून मागं पाहायला सांगितलं. नामदेवराव कमरेपर्यंत बाहेर आले.

"काय दिसतं?"

"गादी."

"आणखी?"

"बाजेचा पाय. सामान फार बाहेर आलंय हो."

"मागची फळी?"

"नाही दिसत. याहून वाकलो तर मी खाली पडेन."

"उतरा," उत्तमराव म्हणाले. सूर्यभान जमिनीकडं पाहत होता.

ठाण्यातल्या कोठडीत अंबाजी भिंतीला टेकून बसला होता. त्यानं उठून डाव्या हातानं गज धरले.

"सूर्यभान खोटं बोलणारा माणूस नाही, साहेब," तो म्हणाला. "तेच मला कळत नाही. आणि मी चढलो नाही, हेही खरं आहे. बहीण बाजाराला गेली होती, घराला कुलूप. मी ओट्यावर बसून राहिलो. मला कोणी पाहिलंच नाही, तर मी काय करू?"

फौजदारांनी खांदे उडवले. "साक्षीदार आहे, डावखुरा आहे, कडं आहे. आणखी काय पाहिजे?"

"आणखी थोडं डोकं," उत्तमराव बाहेर आल्यावर पुटपुटले.

ते दोघं नल्लकुंट्याला गेले, तेव्हा केसरबाई रिकाम्या खोलीत चटईवर बसल्या होत्या. भिंतीशी जिथं यंत्राचं टेबल असायचं, तिथं चौकोनी डाग उरला होता.

"यंत्राखेरीज काही गेलं?"

"गेलं काही नाही. पण एक गंमत झाली. माझा वीतभर आरसा मी गाद्यांच्या वळकटीत खोचला होता, उजव्या अंगाला. तो भांड्यांच्या बादलीत निघाला. वर ग्रीसची बोटं." त्यांनी आरसा आणून दाखवला. लाकडी चौकटीवर दोन बाजूंना तारेचे ओरखडे होते.

"यंत्र कशात गुंडाळलं होतं?"

"गोधडी पुरली नाही. ट्रक निघता निघता माझं एक जुनं हिरवं लुगडं काढून गुंडाळलं."

"हे कोणाला सांगितलंत?"

"विचारलं कोणी? पोलिसांनी यंत्र केवढं होतं ते लिहून घेतलं. बाकी सगळे मला घरी बसा म्हणून सांगत होते."

"किशनरावांना?"

"त्यांच्याशी मी या नोकरीवरून धड बोललेच नाही महिनाभर. आज आपणहून बरोबर आले."

उत्तमराव एकदम उठले. जिना उतरताना त्यांनी नामदेवरावांना किशनरावांच्या ऑफिसात पिटाळलं.

"काय विचारू?"

"काल सकाळी ते जागेवर होते का, एवढंच. साहेबाला विचारू नका, चहावाल्याला विचारा."

दुसऱ्या दिवशी दुपारी प्रतापरावांच्या आवारात सगळे जमले. फौजदार अंबाजीला घेऊन आले होते आणि घाईत होते. किशनराव केसरबाईंच्या शेजारी उभे होते. उत्तमरावांच्या हातात तो वीतभर आरसा होता.

"या प्रकरणात अवघड असं काहीच नव्हतं," ते त्रासिक आवाजात म्हणाले. "प्रत्येकानं एकेक लहानशी गोष्ट दडवली, म्हणून ते अवघड झालं. सूर्यभान, तू खिडकीतून पाहिलं नाहीस. खिडकीतून गादी दिसते. मास्तरांनी पाहून झालंय."

सूर्यभानानं दांडीवरच्या रिकाम्या चौकटीकडं पाहिलं.

"मालकांनी आरसा बसवला नाही. लांबचा रस्ता, मागचं दिसत नाही, म्हणून तू वळकटीतून हा आरसा काढलास आणि तारेनं दांडीला बांधलास. दांडी सामानाच्या बाहेर येते, त्यामुळं तिथून मागची फळी दिसते. चोरी झाल्यावर तू घाबरलास. आरशाविना ट्रक चालवला आणि वर गिऱ्हाइकाच्या वस्तूला हात लावला. म्हणून घाईघाईनं आरसा दिसेल त्या बादलीत कोंबलास. बरोबर?"

"हौ, साब," सूर्यभान हळूच म्हणाला. "लायसन जाईल म्हणून भ्यालो. बाकी सगळं खरं सांगितलं."

"खरंच सांगितलंस. अडचण तीच आहे. मास्तर, इकडं या."

उत्तमरावांनी आरसा दांडीला धरला, सूर्यभानाला ड्रायव्हरच्या जागेवर बसवलं आणि नामदेवरावांच्या हातात एक पट्टी देऊन त्यांना मागच्या फळीवर, ट्रकच्या तोंडाकडं पाहत उभं केलं.

"सूर्यभान, पट्टी कोणत्या हातात आहे?"

"डाव्या."

नामदेवरावांनी आपल्या हाताकडं पाहिलं. "अहो, उजव्या आहे."

फौजदार स्वतः ड्रायव्हरच्या शेजारी चढले, त्यांनी आरशात वाकून पाहिलं आणि ते खाली उतरले.

"आरशात समोर तोंड केलेल्या माणसाचा उजवा हात डावा वाटतो," उत्तमराव म्हणाले. "आपण रोज दाढी करताना हे पाहतो, पण लक्षात कोण घेतो? म्हणजे चाकू चोराच्या उजव्या हातात होता. चकाकणारी वस्तू डाव्या मनगटावर होती. अंबाजीच्या डाव्या मनगटावर काही नाही. उजव्या हातानं काम करणारा माणूस डाव्या मनगटावर काय बांधतो?"

नामदेवरावांची नजर सावकाश किशनरावांच्या हाताकडं गेली.

"घड्याळ शहरात हजारो लोक बांधतात," किशनराव म्हणाले.

"बांधतात. पण यंत्र हिरव्या लुगड्यात होतं, हे हजारोंना ठाऊक नाही. ट्रक निघता निघता ते गुंडाळलं गेलं. केसरबाईंनी कोणाला सांगितलं नाही. तुम्ही निरोपाला आला नव्हतात, असं तुम्हीच म्हणालात, आणि त्याच दमात हिरव्या लुगड्याचं बोललात. परवा दुपारपर्यंत तुम्ही ऑफिसात नव्हता, हे मास्तर विचारून आले. तुमची सायकल तेव्हा कुकटपल्लीच्या ज्वारीत होती, असं मी म्हणतो. नसेल तर कुठं होती, ते फौजदारांना सांगा."

किशनरावांनी घड्याळावर दुसरा हात ठेवला. मग तो काढला.

"ट्रक निघताना मी गल्लीच्या कोपऱ्यावरून पाहत होतो," ते म्हणाले. "मग आडवाटेनं सायकल हाणून रस्त्याच्या कामापाशी आधीच पोहोचलो. यंत्र बरकतपुऱ्यात मित्राच्या घरी आहे. एक ओरखडा नाही त्यावर. मला ते नको होतं. दादा गेल्यावर आमच्या घरची सून परगावी एकटी नोकरी करणार, लोक मला काय म्हणतील? वाटलं, यंत्र नसलं म्हणजे वहिनी राहतील. कोणाला धरून नेतील, हे मनातही नव्हतं."

"धरून नेल्यावर तर कळलं होतं ना?" केसरबाईंनी विचारलं.

किशनरावांनी घड्याळ सोडून खिशात घातलं.

फौजदारांनी अंबाजीला तिथंच मोकळं केलं आणि ते किशनरावांकडं वळले. तक्रार पुढं चालवायची का, असं त्यांनी केसरबाईंना विचारलं.

"ते मी नाही, अंबाजी सांगेल," त्या म्हणाल्या. "दोन रात्री त्यानं काढल्या तिथं."

अंबाजीनं मनगटावरचं कडं फिरवलं. "यंत्र त्यांनी डोक्यावर घेऊन इथपर्यंत आणावं," तो म्हणाला. "बरकतपुऱ्यापासून. चालत. मग माझी तक्रार नाही."

ऊन उतरायच्या सुमाराला किशनराव घामानं भिजून आवारात शिरले. डोक्यावर हिरवं बोचकं होतं. ओळखीची दोन माणसं त्यांच्या मागं काय झालं ते विचारत आली होती. अंबाजीनं बोचकं उतरवून घेतलं आणि ट्रकवर नीट रचलं. सूर्यभानानं ट्रक सुरू केला. केसरबाईंनी आगगाडीचं जाणं रद्द केलं होतं. यंत्र आता त्या नजरेआड करणार नव्हत्या. त्या ड्रायव्हरच्या शेजारी चढून बसल्या.

किशनराव दाराशी आले.

"दिवाळीला तुमच्या मुलांचे सदरे शिवून पाठवीन," केसरबाई म्हणाल्या. "त्यांची मापं आहेत माझ्याकडं. तुमचं माप घ्यायला तेवढी मी चुकले."

आणि त्यांनी सूर्यभानाला निघायला सांगितलं.