पुसेगावच्या मळ्यातला वास

तापातून उठलो आणि माझं नाक गेलं, कसलाच वास येईना. वाइन चाखणं हीच ज्याची नोकरी, त्याला डॉक्टर म्हणाले, येईल परत, धीर धरा. वर्ष झालं. नाशिकच्या वायनरीनं मला काढलं नाही. हिंगोलीला घरी आराम करा, तिकडे कुठे द्राक्षं असली तर बघा, असं सांगितलं. आमच्याकडे सोयाबीन आणि हळद. काय ते मी समजलो.

पण हिंगोलीजवळच्या पुसेगावच्या सोनाजीनं खरंच द्राक्षं लावली होती. गावाबाहेरच्या मुरमाड उतारावर, वाइनच्या शिराझ जातीची. त्याच्या पहिल्या मालापासून वायनरीनं नमुन्यादाखल केलेल्या वाइनची बाटली मी घरी उघडली. रंग इतका दाट की ग्लासामागची बोटं दिसेनात. घोट घेतला तशी जीभ खरखरली, तोंड भरून गेलं. माझ्या वाट्याला एवढंच येईल असं वाटलं होतं. मग वास आला.

सहकाऱ्यांना तिच्यात मिरी आणि जांभूळ सापडलं होतं. मला सापडली बाळंतिणीची खोली. ओव्याची धुरी, कोमट तेल, उतू गेलेलं दूध. स्वयंपाकघरात जाऊन मी हिंगाची डबी हुंगली. काही नाही. परत ग्लासावर वाकलो. ओवा, तेल, दूध.

दुसऱ्या दिवशी दुपारी मोटारसायकल काढून पुसेगावला गेलो. फेब्रुवारीचं ऊन होतं. तारांवर काळे घड लोंबत होते. सोनाजी मजुरांशी बोलत मागे राहिला आणि मी एकटाच वेलींमधून हिंडू लागलो. बराच वेळ काही जाणवलं नाही. विहिरीकडच्या ओळीत शिरलो तर वास आला, बाटलीतल्यापेक्षा ताजा. थोडा पुढे गेलो, विरला. मागे फिरलो, तर मघाच्या जागी नव्हता. शेजारच्या ओळीत होता, जमिनीपासून वीतभर उंचीवर.

बांधावरून सोनाजीची आई, पार्वतीबाई, बघत होती.

"तुमाला बी येऊन राहिला का?"

"मावशी, इथे कुणी बाळंतीण आहे?"

"न्हाई. आमच्या घरात लेकरू झालंच न्हाई. सोनाजीच्या लग्नाला लई वर्सं झाली. वेलीला पयला घड धरला, तवापून हाय हे."

"हे म्हणजे काय?"

"म्या न्हाई इचारलं," ती म्हणाली. "कोणाला तकलीफ देत न्हाई."

तेवढ्यात सोनाजीची बायको आली. शीला तिचं नाव. पदर सारखा करत हळू आवाजात म्हणाली, "आत्याबाईला येतो वास, मला न्हाई येत. आज कोण्या ओळीत हाय, तेवढं सांगा साहेब."

मी बोट दाखवलं. ती तिथे जाऊन मातीत बसली, मांडीवर हात उघडे ठेवून. वेडेपणाचं त्यात काही नव्हतं. भाजी निवडायला बसावं तशी बसली होती. मी बघत उभा राहिलो, आणि वास तिच्यापासून सरकत माझ्या पायांशी आला.

तिला सांगायला हवं होतं. मी सांगितलं नाही. वर्षभरात मला दुसरा कसलाच वास आला नव्हता.

"माल घेतील का कंपनीवाले?" निघताना सोनाजीनं विचारलं.

"घेतील," मी म्हणालो.

रस्त्यावर समोरून वारा होता. वास उडून जायला हवा होता. तो तसाच राहिला, माझ्या गळ्याशी. मी गाडी हळू चालवली, खड्डे चुकवत. असं का, ते मला सांगता आलं नसतं.

घरी पोचून कपडे बदलले, तोवर सोनाजीचा फोन आला.

"साहेब, आई म्हणते मळ्यात आता काहीच न्हाई. शीला ओळीओळीनं फिरून राहिली, ऐकंना झाली. तुमाला जाताना कुठं आला व्हता का वास?"

"नाही."

"बराबर," तो म्हणाला. त्यानं फोन ठेवला.

माझी बायको करुणा धुण्याचे कपडे उचलत होती. माझा शर्ट हातात घेऊन ती दारातच थबकली.

"कुणाचं लेकरू घेतलं होतं?"

"काहून?"

तिनं शर्ट पुढे केला. डाव्या खांद्यावर दुधाचा ओला डाग होता. मी हात लावून पाहिला.

अजून कोमट होता.