विझलेला हिरवा

"आत्या, आमच्याकडचा हिरवा गेला हो. कुणीतरी नेला."

खुर्चीत डुलक्या घेणारे ड्रॉइंगमास्तर दचकून जागे झाले. "हिरवा? पोपट का?"

"रंग," दारातली मुलगी म्हणाली आणि तिथेच चौकटीला टेकून रडायला लागली.

खासगी तपासाची कामं घेणाऱ्या या बाईला सगळेच आत्या म्हणत. खरी आत्या ती फक्त मास्तरांची. मास्तर शाळेत चित्रकला शिकवत आणि उरलेल्या वेळात आत्याच्या मागून सावलीसारखे फिरत. सावलीला असते तेवढीच अक्कल त्यांना आहे, असं आत्या लाडाने म्हणायची.

मुलगी इस्पितळाच्या तपासणी विभागात कामाला होती. तिथे तिला रंगताई म्हणत. पाणी पिऊन झाल्यावर ती सांगू लागली. एका लहान मुलीच्या मानेतल्या गाठीचा अगदी छोटा तुकडा आला होता. काचेवर त्याचा पातळ पापुद्रा लावून रंगताईने त्याला चार रंग दिले होते.

"प्रत्येक रंग आपापली पेशी शोधून तिलाच चिकटतो. अंधारात ठरावीक प्रकाश टाकला की चमकतो. निळा सगळ्याच पेशींच्या गाभ्यात दिसतो. तांबडा एका जातीला. चौथा दुसऱ्या जातीला, पण तो डोळ्याला दिसतच नाही. फक्त कॅमेऱ्याला कळतो, मग पडद्यावर यंत्र त्याला जांभळा रंगवतं."

"आणि हिरवा?"

"हिरव्यावरच सगळं आहे, आत्या. मधल्या घोळक्यात हिरवा दिसला तर आजार साधा. नाही दिसला, तर उद्या सकाळपासून त्या पोरीला जहाल औषधं सुरू. मोठ्या डॉक्टरांनी आज फोटो घेतला, हिरवा नाही. म्हणतात, तू घालायला विसरलीस. मी काल दुपारी घातला, एका कडेला चमकताना बघितला आणि काच अंधाऱ्या खणात ठेवली."

"दुसरा तुकडा घ्यायचा."

"पुन्हा मान कापून? शिल्लक काहीच नाही हो."

आत्याने पायात चपला सरकवल्या. "मास्तर, उठा. झोप तिकडच्या अंधारात पुरी करा."

सूक्ष्मदर्शकाची खोली भर दुपारी काळोखी होती. दारावर जाड पडदा, आत यंत्राची मंद घरघर. मास्तरांना वाटलं, आपण पाण्याखाली उतरलोय आणि वरच्या जगात काय चाललंय ते आता आपल्याला कधीच कळणार नाही.

मोठे डॉक्टर उंच, थकलेले होते. "बाई, माझ्याकडे वेळ नाही. हे बघा." त्यांनी पडद्यावर फोटो दाखवला. निळ्या काळोखात तांबडे निखारे, कडेने जांभळी पाखरं. हिरवं कुठेच नाही.

"हा फक्त मधला भाग ना? अख्खा तुकडा दाखवा. लांबून."

डॉक्टरांनी भिंग बदललं. आता पडद्यावर सगळ्या तुकड्यावर हिरवट धुकं पसरलेलं दिसलं, पहाटे तळ्यावर असतं तसं. आणि मधोमध एक काळं गोल भोक. त्या भोकात तांबडा मात्र जागच्या जागी होता.

"रबराने खोडल्यासारखं," मास्तर पुटपुटले.

डॉक्टर पडद्याजवळ सरकले. "जोराचा दिवा फार वेळ राहिला की हिरवा विझतो. तो सगळ्यात नाजूक. भिंगातून प्रकाश पडतो तोही असाच गोल. म्हणजे कुणीतरी दिवा चालू ठेवला. रंगताई, तुझी माफी मागतो. पण बाई, मुलीचं काय? भोक पडायच्या आधी त्या पेशींत हिरवा होता की नव्हता, हे मला हे भोक सांगत नाही. अंदाजाने मी औषध थांबवू शकत नाही. आजार उग्र असला तर?"

"बरोबर आहे तुमचं," आत्या हळूच म्हणाली. "मला जरा चौकशी करू द्या."

धाकटे डॉक्टर जिन्यात भेटले, केळं खात. "मी? मोठ्या सरांच्या आधी सकाळी एकदा डोकावलो, डोळ्याने. निळा आणि तांबडा, बस. हिरवा तेव्हाही नव्हता. आणि कॉम्प्युटरवर म्हणाल तर आधीचा एकही फोटो नाही, सरांनी विचारलं तेव्हा मीच शोधला. ताई स्वप्नाळू आहे हो जरा."

"तुम्ही केळ्याचं साल खिशात घालताय," आत्या म्हणाली. त्यांनी घाईने ते बाहेर काढलं.

दिवाकाका यंत्राच्या खोलीमागे एका स्टुलावर बसले होते. दिवे, भिंगं, कॅमेरे यांची देखभाल तेच करत. मऊ बोलणारा, वाकलेला माणूस. बोटांना चिकटपट्टीचे तुकडे चिकटलेले, ते एकेक सोडवत होते.

"काल संध्याकाळी नवा दिवा बसवला. तपासायला एखादी काच लागतेच, खणातली वरची घेतली. कॅमेऱ्याला हात नाही लावला. डोळ्यानेच पाहिलं, पापणी लवायच्या आत काढून ठेवली."

"काय दिसलं?"

"छान होतं. निळं, तांबडं, कडेने जांभळे ठिपके. हिरवं काही नव्हतं बघा."

"घरी कोण असतं, काका?"

"बायको. अंथरुणावरच आहे, कित्येक वर्षं. फुलांची फार आवड तिला. पण खोलीला खिडकी नाही. पडल्या पडल्या छताकडे बघत असते." त्यांनी चिकटपट्टीची गोळी केली. "दुसरं बघणार तरी काय?"

परत येताना मास्तर म्हणाले, "आत्या, केळंवाला. नक्की तोच. पोरीची नोकरी घालवायची असेल त्याला."

"मास्तर, तुमचं चित्र चांगलं असतं, फक्त ते दुसऱ्याच वस्तूचं असतं."

थोड्या वेळाने त्या अंधाऱ्या खोलीत सगळे जमले. आत्या पडद्याच्या निळ्या उजेडात उभी होती, आणि तिचा आवाज इतका हळू होता की ऐकायला सगळे आपोआप पुढे झुकले.

"रंगताईने काच ठेवली काल दुपारी. सकाळी धाकटे डॉक्टर आले तेव्हा हिरवा विझलेला. मधे काच हातात घेतल्याचं एकच माणूस सांगतो. दिवाकाका, तुम्ही म्हणालात, पापणी लवायच्या आत काढली. तेवढ्याने भोक पडत नाही."

"मग दुसऱ्या कुणी—" दिवाकाका म्हणू लागले.

"ऐका तर. धाकट्या डॉक्टरांनी डोळ्याने दोन रंग पाहिले. तुम्ही तीन. जांभळा डोळ्याला दिसत नाही, काका. तो फक्त पडद्यावर असतो. तुम्ही दिवे जाणता, कोणत्या काचेवर कोणता रंग आहे ते नाही. आठवणीत जे होतं ते तोंडातून आलं. म्हणजे कॅमेरा चालू होता, आणि बराच वेळ."

दिवाकाकांनी मान खाली घातली.

"आता माझा खरा प्रश्न. हिरवं दिसावं म्हणून वेगळा प्रकाश लावावा लागतो. तिथे हिरवं काही नसेल, तर तो प्रकाश लावून इतका वेळ कोण बसेल? माणूस काळोखाचे फोटो काढत बसत नाही. काहीतरी फार सुंदर दिसत होतं. म्हणून तुम्ही काढत राहिलात, आणखी जवळून, आणखी मोठा. आणि काढता काढता ते विझलं."

रंगताईने पडद्यावरच्या काळ्या भोकाकडे पाहिलं.

"कॉम्प्युटरवरून फोटो पुसलेत. पण बोटांना चिकटपट्टी होती, आणि घरी कुणीतरी छताकडे बघत असतं. काका, त्या फोटोवर एका लहान मुलीचं औषध ठरणार आहे. उद्या सकाळी."

"मुलीचं?" दिवाकाकांचा आवाज फाटला. "मला वाटलं, सरावाची काच. देवाशपथ. हिरवा गेला तसा मी घाबरलो. नोकरी गेली तर तिला कोण बघणार, एवढंच डोक्यात." ते दाराकडे वळले. "चला. आत्ता चला."

घर दोन खोल्यांचं. आतल्या खोलीत पलंगावर एक वाळलेली बाई, आणि तिच्यावर, छतभर, चित्रं. निळी, तांबडी, सोनेरी. कुणाच्या आतड्याची, कुणाच्या त्वचेची, पण मास्तरांना वाटलं, एवढी मोठी बाग आपण कधी पाहिली नाही.

"पाहुणे?" बाई हसली. "खाली झोपून बघा. उभ्याने मान दुखते."

मोठे डॉक्टर खरंच जमिनीवर आडवे झाले. अगदी मधोमध, कालच लावलेलं एक चित्र होतं. निळ्यात तांबडे निखारे, आणि मधल्या घोळक्यातली पेशीन् पेशी हिरवीगार.

दिवाकाकांनी कपाटातून मूळ फोटो असलेला पेनड्राइव्ह आणून दिला. डॉक्टरांनी तो लॅपटॉपवर उघडला, मोठा केला, पुन्हा मोठा केला. मग मुलीच्या घरी फोन लावला.

"मी बोलतोय. नाही, वाईट काही नाही. उद्या सकाळी तिला भरती करायचं नाही. घरीच राहू दे. साध्या औषधाने होईल." पलीकडून रडण्याचा आवाज आला, आणि डॉक्टरांनी फोन ठेवला नाही.

नंतर ते दिवाकाकांकडे वळले. "तू फोटो पुसलेस आणि खोटं बोललास. त्याचं काय करायचं ते उद्या बघू."

"हो साहेब."

मास्तर स्टुलावर चढून चित्राची पट्टी उचकटू लागले. पलंगावरून आवाज आला, "काढताय? ते कुणाचं आहे का?"

"एका लहान मुलीचं," आत्या म्हणाली. "आजारी आहे. बरी होईल आता."

"मग राहू द्या ना. रोज सकाळी डोळे उघडले की तिच्यासाठी हात जोडीन. नाव काय तिचं?"

आत्याने डॉक्टरांकडे पाहिलं. त्यांनी खेदाने मान हलवली. "पेशंटचं नाव सांगता येत नाही, ताई."

"चालेल," बाई म्हणाली आणि वर बघतच राहिली. "ज्याला सांगायचंय त्याला ठाऊक असेल."

मास्तर स्टुलावरून खाली उतरले.