सहादूदादाची पाळी

त्या दिवशी पाळी सुटली की सावळीरामला पंचवटीत जाऊन लेकीसाठी, सुजातासाठी, लाल रिबिनी आणायच्या होत्या. एवढंच काम. एक्क्याऐंशी सालचा मे महिना, बाहेर ऊन नुसतं भाजून काढत होतं; पण तो जिथे बसायचा तिथे उन्हाचा संबंधच नव्हता. एकलहऱ्याच्या बाजूच्या एका कारखान्यात, जमिनीखालच्या भुयारातून, बॉयलरकडे कोळसा नेणारा पट्टा चाले. एक पिवळा दिवा, पट्ट्याची घरघर, ओल्या कोळशाचा कुबट वास आणि पट्ट्यावर नजर ठेवणारा एकटा माणूस. मागे एकदा पट्टा तुंबून पेटला, दोघं भाजले. तेव्हापासून नेम होता, पुढचा माणूस आल्याशिवाय जागा सोडायची नाही.

दोन वर्षांपूर्वी त्याचा थोरला भाऊ सहादू याच जागी वारला. भला म्हणजे किती भला, तर डबा उघडला की आधी दुसऱ्यांच्या हातावर भाकरी ठेवायचा, उरली तर स्वतः खायचा. कुणाकडे पाहुणे आले, कुणाचं पोर आजारी पडलं की म्हणायचा, "जा तू, तुझी पाळी मी करतो." सावळीरामला त्यानेच इथे चिकटवलं. आणि सावळीरामने काय केलं? ताप आल्याचं खोटं सांगून बायकोबरोबर सिनेमाला गेला. त्याच्या बदल्यात सहादू सलग तिसरी पाळी करत होता, तो स्टुलावर बसल्याबसल्याच गेला. हे खोटं सावळीरामने आजवर कुणाला सांगितलं नव्हतं, बायकोलाही नाही.

तीन वाजले. बदलीचा कोंडाजी आला नाही. सव्वातीनला भुयारातला फोन वाजला. गेटवरचा भिकन होता.

"सावळीराम, सुजाताला दवाखान्यात नेलंय. ताप डोक्यात गेलाय म्हनं. वहिनी म्हनत्या, लगेच या."

"कोंडाजीला बघ रे..."

"नाय आला अजून. दुसरं कुनी मोकळं नाय."

चार वाजले. चार वर्षांची पोर तिकडे तडफडत होती आणि बाप पट्ट्याला बांधलेला. सावळीराम रडकुंडीला आला. शेवटी भुयाराच्या काळोख्या टोकाकडे तोंड करून त्याने लहानपणी मारायचा तशी हाक मारली.

"दादा... काहीतरी कर रे..."

घरघरीतून पावलं वाजली. दिव्याचा उजेड पोचत नव्हता तिकडून एक माणूस चालत आला. तोंडाला ओला पंचा, डोळे तेवढे दिसत होते. कोळशाचा वास मावळला आणि तव्यावरच्या भाकरीचा आला.

"जा तू," तो म्हणाला. "मी हाय ना."

सावळीरामने दुसऱ्यांदा बघितलं नाही. तो पळत सुटला.

दुसऱ्या दिवशी सकाळी सुजाताने डोळे उघडले आणि पाणी मागितलं. दुपारी तो कामावर गेला. गेटवर कोंडाजी भेटला.

"कधी वर आलास रे? लय उपकार झाले बाबा. काल पाचला आलो, तर तूच म्हनालास, घरी जा, तुझी पाळी मी करतो."

"मी?"

"तोंडाला पंचा बांधून तूच की. रातच्या बहिरूला परत पाठवलंस, सकाळी तुझ्या जागी आलेल्या सोमालाही. झोपलास तरी का?"

सावळीराम खाली उतरला. पट्टा सुरळीत चालला होता. भुयारात कुणी नव्हतं, स्टूल मात्र कुणी नुकतंच उठून गेल्यासारखं गरम होतं.

"दादा, मी आलोय... तू जा आता. दमला असशील." मग त्याला राहवेना. "त्या दिवशी मला ताप नव्हता रे. खोटं बोललो मी."

"ठावं हाय," पट्ट्यापलीकडून आवाज आला. "पोरीपाशी जा. मी करतो."

"किती दिवस करशील...?"

खिळ्याला पाळीची वही टांगलेली होती. सावळीरामने ती उघडली. कालपासूनच्या प्रत्येक पाळीपुढे सहादूचं वळणदार अक्षर: पट्टा ठीक. आजचं पान भरलेलं होतं. उद्याचंही. परवाचंही. तो पानं उलटत गेला, सगळीकडे सहादूच. मग एका पानावर अक्षर थांबलं. शेवटच्या ओळीत एक तारीख, आणि तिच्यापुढे लिहिलेलं: सावळीराम आला. मी सुटलो.

दादाकडे आपण कायमचे जाणार ती तारीख नजरेत भरायच्या आधीच त्याने तिच्यावर अंगठा दाबला. किती पानं उलटली होती ते त्याला काही केल्या आठवेना. अंगठ्याखालची शाई अजून ओली होती.