तोफ आणि गादी

बस डेपोच्या मागच्या अंगाला एक खोली होती. तिथे भर दुपारीसुद्धा दिवा लावावा लागे. दारावर पाटी होती ‘हरवले-सापडले’ आणि खिडकीमागे ती बसायची. घरीदारी सगळे तिला तोफ म्हणत. मनात आलं की तोंडातून सुटलं, मग समोर डेपोचा साहेब असो नाहीतर स्वतःची आई. अशा मुलीला नशिबाने नोकरी दिली ती वाट बघण्याची! मागच्या फळ्यांवर छत्र्या, एकेकटे बूट, किल्ल्यांचे जुडगे, एक कवळीसुद्धा. न्यायला बहुतेक कुणी यायचंच नाही. संध्याकाळ झाली की त्या वस्तूंकडे बघून तिला उगीच भरून यायचं आणि मग ती उगीचच कुणावर तरी खेकसायची.

त्या दिवशी बाहेर रिपरिप लागली होती. खिडकीशी एक तरुण येऊन उभा राहिला. चष्म्याच्या काचांवर वाफ धरलेली.

“माझा… तो… गेम राहिलाय बसमध्ये. हातात धरून खेळायचा. निळ्या कव्हरचा.”

तिचा हात आपोआप टेबलाच्या खणावर गेला. का, ते कळेलच.

“ओळख पटवा,” ती जमेल तितक्या सरकारी आवाजात म्हणाली. “आत काय काय आहे?”

“सहा राक्षस आहेत. झुंजीचे. एकाचं नाव गादी… एक उशी… एक कासवकाका…”

“झोपायचं दुकान काढलंय का तुम्ही?”

तो हसला. पण जरा उशिरा, हसायची सवय मोडलेल्या माणसासारखा. तिने निळं कव्हर पुढे सरकवलं. त्याने पडदा उजळला आणि त्याचा चेहराच उतरला.

“हे काय! मी क्रमवारीत वरच्या फळीत होतो. हे तर तळाला गेलंय. आणि गादीने… हल्ला केला? माझ्या गादीने?”

“बिघडलं असेल यंत्र.”

“यंत्र आपणहून झुंजी खेळत नाही हो.”

आता मात्र तोफ सुटली. “मीच खेळले! आठवडाभर पडून होता इथे, आणि मी बसलेय माशा मारत. पण तुमचे ते सहाच्या सहा नुसते बसून राहतात हो! समोरचा बदडतोय आणि हे आपले औषधं पितायत! मला नाही सहन झालं.”

“आम्ही तसेच जिंकतो,” तो शांतपणे म्हणाला. “समोरचा दमेपर्यंत थांबायचं.”

“आणि समोरचा कंटाळून मेला तर?”

“तेही जिंकणंच.”

आता यावर चिडावं की हसावं? तिने दोन्ही केलं. आणि मग, भरपाई म्हणून, जाहीर करून टाकलं की त्याला ती नवा संघ बांधून देणार. हल्ल्याचा. लहानपणापासून तिने तेच केलं होतं, चुलत भावांना रडवण्यात तिची हयात गेली होती. पुढच्या महिन्यात शहरात स्पर्धा आहे, हेही त्याच्याकडूनच कळलं. तो नाही म्हणेल असं तिला वाटलं होतं. पण त्याने ओल्या खिशातून एक कार्ड काढून दिलं. चष्म्याचं दुकान. “दुपारी गिऱ्हाईक नसतं,” तो म्हणाला आणि कान लाल करून निघून गेला.

दुकान त्याच्या ताईचं. खरं तर भाऊजींचं. भाऊजी गेल्या वर्षी बसल्या जागी गेले, चष्मा हातात धरलेला तसाच. हा कॉलेजची शेवटची दोन वर्षं सोडून ‘चार दिवस’ म्हणून आला तो राहिलाच. ताई बाहेर काउंटरवर फ्रेमा पुसत बसायची. पुसून झाल्या की पहिल्यापासून परत पुसायची. आत डोळे तपासायची अंधारी खोली. समोर उजळलेल्या पाटीवर अक्षरं मोठी, लहान, बारीक, होत होत दिसेनाशी. त्या खोलीत, दोन स्टुलांवर, गुडघ्याला गुडघा लागणार नाही अशा बेताने दोघं बसत आणि गुडघे लागतच.

“हे बघ,” ती म्हणाली. ‘तुम्ही’वरून ‘तू’वर ती दुसऱ्याच दिवशी आली होती, तो मात्र ‘तुम्ही’ला चिकटून. “सगळ्यात आधी असा एक हवा, की जो पहिल्याच फटक्यात समोरच्याच्या अंगणात काटे पसरेल. तेवढं केलं की त्याचं काम झालं. मग दोन धिप्पाड. एक अंगाने मारणारा, एक मंत्राने मारणारा. समोरच्याने ढाल धरावी तर कुठली, कळूच नये त्याला. चौथा असा, की एक मोकळी खेप मिळाली की स्वतःची ताकद दुप्पट करून घेईल. पाचवी लवंगी. अंगात जीव नाही, पण सगळ्यांच्या आधी वार तिचा.”

“आणि सहावी गादी?”

“गादी घरी!”

“ती कुणाला मरू देत नाही हो. औषध देते.”

“म्हणूनच घरी!”

खेळाची गोम अशी होती. दर खेपेला करता येतात त्या दोनच गोष्टी. मैदानातल्या राक्षसाने चाल करायची, वार, औषध, काटे, काहीही, नाहीतर त्याला मागे घेऊन दुसरा पाठवायचा. पण मागे घेतला, तर आत येणारा बिचारा येता येताच मार खातो. आणि पडू दिला, तर पुढचा अंगावर ओरखडाही न उमटता आत येतो. हल्ल्याचा संघ चालतो तो याच मोकळ्या वाटेवर. आणि त्याला नेमकं तेच जमेना. कुणी जखमी झालं की त्याचा अंगठा आपोआप ‘मागे’वर जायचा. एकाला वाचवता वाचवता सगळे अर्धमेले व्हायचे, आणि डाव हातचा जायचा.

अधूनमधून तो तिचे डोळे तपासायचा. डोळ्यांना काही झालं नव्हतं, दोघांनाही ठाऊक होतं. काचा बदलून बघायची जड फ्रेम तिच्या नाकावर चढवताना त्याची बोटं कानामागे जरा रेंगाळायची…

“हे बरं दिसतं, की हे?”

“काय बघू? अक्षरं, की तुला?”

“अक्षरं बघा.”

“मग दोन्ही सारखंच.”

तो काच बदलायचा निमित्ताने तोंड फिरवायचा. अंधार होता म्हणून बरं, नाहीतर तिचाही चेहरा काही बघण्यासारखा राहिला नव्हता. रात्री घरी उशीत तोंड खुपसून ती स्वतःलाच म्हणायची, गेलीस बाई तू कामातून.

मग तो मंगळवार आला. सकाळपासून अंधारून आलेलं. सरावात त्याने परत तेच केलं, पडणारा राक्षस मागे घेतला, आणि सोन्यासारखा डाव मातीत गेला. तोफेचा तोल सुटला.

“अरे मरू दे की त्याला! एक गेला म्हणून काय जग बुडतं?”

आवाज बाहेरपर्यंत गेला. काउंटरवर फ्रेम पुसणारा ताईचा हात थांबला. तो तर पांढराफटक. तिने जीभ चावली, पण सुटलेला गोळा कुठे परत येतो! “मी… खेळातलं… ताई, देवाशपथ खेळातलं बोलत होते,” असं काहीबाही पुटपुटत ती छत्रीही न घेता रस्त्यावर आली. डोळ्यांतून पाणी, वरूनही पाणी.

“अगं थांब.” ताई मागून छत्री घेऊन आली होती. तिने छत्री दोघींवर धरली. मग म्हणाली, “बरोबर बोललीस तू. हेच त्याला सांगायला मला जमत नाहीये.”

“ताई, माफ करा ना…”

“ऐक आधी. त्याच्या कॉलेजने जागा धरून ठेवलीये. दूर आहे, दोन वर्षं जायचंय. महिनाअखेरपर्यंत येतो म्हणून कळवायचं, नाहीतर जागा गेली. हा कळवत नाही. मी म्हटलं जा, की म्हणतो, ताई, तू एकटी पडशील. अगं, मी एकटी पडलेलीच आहे. तो इथे बसून माझं काय बदलणार? त्याचं तेवढं वाटोळं होईल.” ताईने तिच्याकडे वळून बघितलं. “तुझं ऐकतो तो. तू ढकल त्याला.”

ती ‘बरं’ म्हणाली. दुसरं म्हणणार तरी काय?

घरी येईपर्यंत तिला समजलं होतं की आपल्या हाताने आपल्याच पायावर धोंडा मारून घ्यायचा आहे. ढकलायचं, तर तो जाणार. नाही ढकललं, तर तो राहील. अंधाऱ्या खोलीत, शेजारच्या स्टुलावर, जन्मभर लोकांना विचारत… हे बरं, की हे? आणि ती जवळ असेल. इतकं वाईट आहे का ते? असेलही वाईट, पण तिला तो हवा होता. आयुष्यात पहिल्यांदा तोफेने तोंड बंद ठेवलं. दिवस चालले होते, महिना सरत होता, आणि ती काही बोलली नाही.

उलट एका दुपारी, नख कुरतडत, म्हणाली, “सहाव्या जागी… गादी राहू दे.”

“तुम्हीच म्हणालात ना, गादी घरी?”

“राहू दे म्हटलं ना! एखादी असावी सांभाळून घेणारी.”

त्याने चष्म्यावरून तिच्याकडे बघितलं. मग गादीला सहाव्या जागी बसवलं.

स्पर्धा एका जुन्या सभागृहात होती. भिंतींना ओल, छताला पिवळे दिवे, रांगेने मांडलेली टेबलं आणि एकमेकांकडे न बघता खेळणारी पोरं. बघणाऱ्यांनी गप्प राहायचं, हा नियम. तो एक डाव जिंकला, दुसरा जिंकला. काटे पसरले, धिप्पाडांनी फोडून काढलं, लवंगीने आवरतं घेतलं. ती मागे उभी राहून ओढणी पिळत होती. उपांत्य फेरीत मात्र गोष्ट गळ्याशी आली. त्याचे उरले दोन. मैदानात गादी, जखमी, एक फटका बसला की संपली. आणि मागे तो चौथा, ताकद दुप्पट करणारा. गादीला पडू दिलं तर तो धडधाकट आत येईल, आणि मग त्याला कुणी अडवणार नाही. गादीला मागे घेतलं तर तो येतानाच अर्धा होईल.

शेंबड्या पोरालाही कळलं असतं काय करायचं ते. त्याचा अंगठा थांबला होता. तिला कळलं की हा आता गादीला पडू देणार. आणि हे जमलं, तर याला सगळंच जमेल, निघून जाणंसुद्धा.

“मागे घे!” ती ओरडली.

सगळं सभागृह वळलं. पंच उठून आले. “बाई, बाहेर व्हा.” त्याने एकदाच मागे बघितलं आणि म्हणाला, “तू बाहेर थांब. मी आलोच.”

‘तू’ म्हणाला. आज, आणि या वेळेला! ती बाहेर आली आणि पायऱ्यांपाशी भिंतीला टेकून उभी राहिली. पाऊस नव्हता म्हणावं तर होता.

तो आला तेव्हा कपाळावर घाम होता. “जिंकलो,” तो म्हणाला. “गादी पडली.” मग तिच्याकडे नीट बघत, “तू म्हणालीस मागे घे? तू?”

“हो, मी! कारण तुला हे जमायला नको होतं मला!” आता काय, फुटला तो बांध फुटला. “ताईंनी सांगितलं होतं तुला ढकल म्हणून. नाही ढकललं मी. गप्प बसले. गादी ठेव म्हटलं. कारण तू जाशील रे… आणि मला तू हवा आहेस. मला तू इतका आवडतोस, की तुझं वाटोळं झालं तरी चालेल असं वाटलं मला. अशी आहे मी. बघ आता.”

तो जवळ आला. चष्मा काढून पुसला, परत चढवला.

“मी परवाच कळवलं,” तो म्हणाला.

“काय?”

“येतो म्हणून. ताईला सांगितलं. ती रडली, मग म्हणाली, तुझी बॅग फाटलीये, नवी घे.”

“आणि मला?”

“तुला आज सांगणार होतो. दोन्ही गोष्टी. जातोय ते… आणि तू मला आवडतेस ते. त्या खिडकीत ओळख पटवायला लावलीस ना, तेव्हापासून.” त्याने पुसलेला चष्मा परत पुसला. “पण तू आधी बोललीस. तुझ्याआधी कोण बोलणार!”

ती हसली आणि हसता हसताच रडू लागली. दोन वर्षं. त्याने तिचे हात धरले. गार होते दोघांचेही.

“थांबशील?” त्याने विचारलं.

“मला नाही येत रे वाट बघता. दूध तापायचीसुद्धा वाट बघवत नाही मला.”

“माहितीये.”

“तुला येते. मग शिकव की! मी नाही शिकवलं तुला माझं सगळं?”

त्याने थोडा विचार केला. “आधी खाली बस.”

पायरी ओली होती. ती बसली. तो शेजारी टेकला.

“आता?”

“आता काही नाही.”

“काहीच नाही?”

“रोज थोडं लागेल. लागू द्यायचं. दुसऱ्या दिवशी परत बसायचं.”

“खूप दुखेल ना?”

“हो,” तो म्हणाला. खोटं बोलायची त्याला सवय नव्हती.

तिने त्याच्या खांद्यावर डोकं टेकलं. आतून पुकारा झाला, अंतिम फेरी, टेबलाशी या. तो हलला नाही. परत पुकारा झाला, त्याचा खांदा तसाच घट्ट तिच्या गालाखाली. तो आपणहून उठणार नाही, हे तिला कळलं. तिने डोकं उचललं, नाक पुसलं, आणि दोन्ही हातांनी त्याला पाठीत ढकललं.

“जा.”

“तू?”

“मी बसलेय. जा म्हणते ना!”

तो गेला. दाराशी वळून बघेल असं वाटलं होतं, पण त्याने वळून बघितलं नाही, आणि ते बरंच झालं. तिने गुडघे जवळ ओढून घेतले आणि ओल्या पायरीवर तशीच बसून राहिली.