डिझेलच्या बाजूनं

त्या लांबलचक काळ्या गाडीच्या बॉनेटखाली मी वाकले होते, तेव्हा मागून आवाज आला.

"मेकॅनिक कुठे भेटतील?"

"भेटल्यात," मी हात पुसत वळले.

तो ओशाळला. कान लालबुंद. मुख्य कार्यालयातून आलेला इंजिनिअर होता. आलिशान गाड्यांमध्ये डिझेल इंजिन ठेवायचं की बंद करायचं, याचा अहवाल त्याला आठवडाभरात द्यायचा होता. आणि वर्कशॉपमधला डिझेल विभाग माझ्याकडे. झालं, आला माझ्या मुळावर.

"एवढ्या महागड्या गाडीत हा खडखडाट शोभतो का?" तो म्हणाला.

मी चावी पुढे केली. "आत बसा. ऐकू आला तर सांगा."

घाटाचा चढ गाडी हूं की चूं न करता चढली. काचेवर रिमझिम पाऊस, आत नुसती शांतता.

"ओढ आहे खरी…" तो हळूच म्हणाला.

"डिझेलला असतेच."

त्यानं माझ्याकडे पाहिलं – आणि लगेच रस्त्याकडे.

मग तो रोजच येऊ लागला. मोजमापं घ्यायचा, चहाचे दोन कप आणायचा, माझं बोलणं मन लावून ऐकायचा. मला मात्र एक गोष्ट खात होती. शहरात जेमतेम दोन-चार किलोमीटर फिरणाऱ्या डिझेल गाड्यांचे फिल्टर काजळीनं तुंबतात. त्या पुन्हापुन्हा माझ्याकडे येतात. हे त्याला कुणीच सांगितलं नव्हतं.

पाचव्या दिवशी मी दुरुस्तीच्या नोंदींची वही त्याच्यापुढे ठेवली.

तो बराच वेळ पानं उलटत राहिला. "हे दाखवलं नसतं तर मला कळलंही नसतं. तुमचा विभाग…"

"माहितेय. पण तुमच्याशी लपवाछपवी जमेना."

शनिवारी तो अहवाल घेऊन आला. लांबच्या प्रवासाला डिझेल राहू द्यावं, शहरापुरत्या गाड्यांना नको. माझा विभाग निम्मा होणार होता.

"रागावलात?"

"थोडी. पण लिहिलंय ते खरंय."

"माझं इथलं काम संपलं," तो म्हणाला. "सोमवारपासून यायला कारण नाही… आणि आल्याशिवाय राहवणार नाही."

मी पाना खाली ठेवला.

"उद्या घरी या. बाबांनी तीस वर्षं ट्रक चालवलाय. डिझेलविरुद्ध बोललात तर सोलून काढतील."

"आणि तुम्ही?"

"मी तुमच्या बाजूनं."

तो हसला. "येतो. पण हे अहो-जाहो… सोडाल?"

मी मान खाली घातली. माझा हात काळा होता, तरी त्यानं तो हातात घेतला.

"ये," मी म्हटलं.